रात्री नऊ वाजले की नेट अडतं? आधी दोष कुठल्या टप्प्यात आहे ते शोधा

लक्षण असं. सकाळी नेट व्यवस्थित. दुपारी ऑफिसची मीटिंगही नीट पार पडते. रात्री जेवणं उरकून सगळे टीव्हीसमोर बसले की पंधरा-वीस मिनिटांत पडद्यावर चकरी फिरायला लागते. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड उघडं ते उघडंच राहतं आणि आवाज मागाहून येतो. अकरा-साडेअकराला सगळं आपोआप सुरळीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात हीच तक्रार मी तीन घरांत तपासली, त्यातलं एक माझंच. वेळ तीच, लक्षण तेच, पण दोष तिन्ही ठिकाणी वेगळा निघाला. एका घरी वायफाय, एका घरी आईचा फोन आणि एका घरी चक्क गच्चीवरचा डबा. त्यामुळे 'रात्री नेट स्लो होतं, काय करू?' असं कुणी विचारलं की मी आता उत्तर देत नाही, उलट दोन-तीन प्रश्नच विचारतो. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं कशी लावायची, ते इथे लिहितो.

आधी राउटर बंद-चालू करणं थांबवा

हे वाचून काही जण चिडतील, कारण बंद-चालू केल्यावर नेट खरंच सुधारतं. सुधारतं, पण का? राउटर नव्याने सुरू होताना बहुतेक वेळा वायफायचा चॅनल (बोलायची पट्टी) पुन्हा निवडतो, आधीच्या हजारो जोडण्यांची यादी पुसून टाकतो आणि घरातले सगळे फोन दोन मिनिटांसाठी बाहेर फेकले जातात. त्यांपैकी एखादा फोन मागच्या मागे काहीतरी अपलोड करत असेल तर तेही तुटतं. थोडक्यात, तीन-चार वेगवेगळे आजार त्या एका बटणाने तात्पुरते दबतात आणि आपल्याला नेमका कोणता होता ते कळतच नाही. चोर पकडायच्या आधीच आपण फरशी पुसून ठेवतो.

तेव्हा तीन दिवस त्रास सहन करा, पण राउटरला हात लावू नका. एका कागदावर एवढंच लिहा: किती वाजता अडलं, कुठल्या खोलीत, कुठल्या उपकरणावर, तेव्हा घरात आणखी कोण काय करत होतं. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच कोणी भरत नाही.

तुमचा वेग खरंच कमी आहे का?

अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. प्लॅन १०० एमबीपीएसचा, आणि डाउनलोड करताना पडद्यावर ११ किंवा १२ एमबी दिसतात, म्हणून फसवणूक झाली असं वाटतं. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो, डाउनलोडच्या खिडकीतला मेगाबाइटचा. आठ बिट म्हणजे एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. नेटवरचा माल लहान लहान पुडक्यांत जातो, आणि त्यातून थोडा भाग प्रत्येक पुडक्यावर पत्ता आणि शिक्के मारण्यात जातो, उरतात साडेअकरा-बारा. म्हणजे वेग पुरेपूर मिळतोय, केबलवाल्याशी भांडायचं कारण नाही.

दुसरं, घराला लागतं तरी किती? नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस सांगतं, फोर-केसाठी १५. दोन टीव्ही, एक मीटिंग, दोन फोनवर रील्स, एवढं सगळं एकदम चाललं तरी ५० च्या प्लॅनमध्ये मावतं. सरकारी व्याख्या पाहिली तर हसू येईल. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला, म्हणजे जेमतेम पाव एमबीपीएसला, ब्रॉडबँड म्हणत, आणि २०२३ मध्ये ती मर्यादा वाढून २ एमबीपीएस झाली. म्हणून रात्री नेट अडतं या कारणावरून ५० चा प्लॅन २०० चा करू नका. मी केला होता. महिन्याला जास्तीचे पैसे गेले आणि चकरी तशीच फिरत राहिली.

का, ते डोंबिवलीकरांना समजावायला सोपं आहे. बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची केली तर माणसं जास्त मावतील, पण ती ठाण्याला लवकर पोचणार नाही. आणि दिव्याजवळ सिग्नल लागला तर दोन्ही गाड्या सारख्याच उभ्या राहतील. प्लॅनचा आकडा म्हणजे डब्यांची संख्या. एक पुडकं जाऊन परत यायला किती वेळ लागतो ती गोष्ट निराळी. तिला पिंग म्हणतात आणि ती मिलिसेकंदांत मोजतात. व्हिडिओ कॉल आणि गेम या दोन गोष्टी पिंगवर जगतात. रात्री नऊला जे बिघडतं ते बहुतेक वेळा हेच असतं, आणि आपण मात्र स्पीड टेस्टचा मोठा आकडा बघत बसतो.

(जाता जाता: पिंगला निसर्गाचीही मर्यादा आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद काहीही केलं तरी लागणारच. प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते, म्हणून दोनशेच्या आसपास दिसतात. अमेरिकेतल्या भाच्याशी बोलताना जो किंचित उशीर जाणवतो त्याला केबलवाला जबाबदार नाही.)

दोन खिडक्यांची तपासणी

सगळ्या लेखात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

तुमच्या फोनपासून त्या व्हिडिओपर्यंतचा रस्ता चार टप्प्यांचा आहे: फोन ते राउटर, राउटर ते इमारतीतला डबा, तिथून केबलवाल्याचं ऑफिस, आणि पुढे बाकीचं जग. अडथळा कुठल्या टप्प्यात आहे ते शोधायला लॅपटॉप पुरतो.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो पत्ता दिसेल तो तुमच्या राउटरचा. बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता पिंग हा शब्द, जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून टी, असं लिहून एंटर दाबा. ओळीमागून ओळ यायला लागेल. हीच कमांड दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या पत्त्यावर चालवा. हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे, म्हणजे बाहेरच्या जगाचा नमुना. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा आणि नऊची वाट बघा. लॅपटॉप नसेल तर फोनवर पिंग करणारी फुकट ॲप मिळतात.

आता वाचायचं कसं? वायफायवर राउटरची पिंग दोन ते दहा मिलिसेकंदांत असावी. मधूनच एखादा चाळीसचा आकडा आला तर सोडून द्या. पण नेट अडलेलं असताना पहिल्याच खिडकीत ८०, २३०, ४१०, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असं दिसायला लागलं, तर दोष घरातल्या घरात आहे. पुडकं अजून हॉलमध्येसुद्धा पोचलेलं नाही. कंपनीला फोन करून उपयोग नाही.

पहिली खिडकी शांत, तीन-चार मिलिसेकंदांवर, आणि दुसरी मात्र दहावरून तीनशेवर गेली, तर अडथळा राउटरच्या पलीकडे आहे किंवा राउटरच्या दारातच गर्दी झालीय. या दोन्हींतला फरक ओळखायला एक पायरी आणखी आहे, ती खाली येईल.

दोन्ही खिडक्या शांत आणि तरी एकच ॲप अडतंय, तर ते ॲप किंवा तो टीव्हीच गंडलाय. जुन्या स्मार्ट टीव्हींची मेमरी भरलेली असते. त्याच वायफायवर फोनवर तोच कार्यक्रम लावून बघा.

पहिलं घर: शेजाऱ्यांची गर्दी

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे पहिलीच खिडकी बोंबलत होती. राउटर कुठे, तर दाराशी, चपलांच्या कपाटाच्या वर, टीव्ही युनिटच्या लाकडी खणात, पुढ्यात धातूची फ्रेम. काकू बसतात आतल्या खोलीत. मध्ये एक भिंत, एक लोखंडी कपाट आणि माळ्यावरची पाण्याची टाकी. वायफायला धातू आणि पाणी ही दोन्ही वाईट. लोखंडी कपाटामागे नेट येत नाही ही तक्रार मी इतक्या घरांत ऐकलीय की आता आत शिरताना आधी कपाटच शोधतो.

पण तेवढ्याने नऊचं कोडं सुटत नव्हतं. कपाट दुपारीही तिथेच असतं. फोनवर वायफाय ॲनालायझर (आसपासचे राउटर आणि त्यांचे चॅनल दाखवणारं ॲप) लावलं तेव्हा उलगडा झाला. काकूंच्या पलंगावर बसून २.४ गिगाहर्ट्झवर २३ राउटर दिसत होते, आणि त्यांतले अकरा एकाच चॅनलवर.

२.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे चॅनल १३ आहेत खरे, पण दोन चॅनलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि एका राउटरला लागते निदान २० ची जागा. म्हणजे एकमेकांच्या पायात पाय न घालता तीनच बसतात: १, ६ आणि ११. 'सगळे सहावर आहेत म्हणून मी आठवर जातो' हा शहाणपणा अंगाशी येतो. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट सरकलेल्या राउटरचं बोलणं बाकीच्यांना कळत नाही, नुसता गोंगाट वाटतो. दुपारी ती २३ घरं रिकामी असतात. रात्री नऊला सगळे घरी, सगळे ऑनलाइन. काकूंचा फोन बोलायची पाळी येण्याची वाट बघत बसतो.

उपाय तीन केले, पैसे शून्य. राउटर खणातून काढून भिंतीवर डोक्याच्या उंचीला टांगला. चॅनल 'ऑटो'वरून काढून ११ वर पक्का केला, कारण त्या खोलीत तो सर्वांत रिकामा होता, आणि चॅनलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ केली. तिसरा उपाय खरा कामाचा ठरला. राउटर ५ गिगाहर्ट्झही देत होता, पण दोन्हींचं नाव एकच ठेवलेलं असल्यामुळे काकूंचा फोन सवयीने २.४ लाच चिकटून बसायचा. दोन्हींना वेगळी नावं दिली आणि फोन व टीव्ही ५ वर नेले. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल भरपूर, शिवाय भिंतींतून तो कमी जातो. हा दोष वाटतो, पण गर्दीच्या इमारतीत तोच गुण. शेजाऱ्याचा आवाज तुमच्यापर्यंत येतच नाही.

आतल्या खोलीत ५ पोचत नसेल तर दुकानदार लगेच रिपीटर दाखवेल. स्वस्तातला रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो, आणि तो ठेवतातही जिथे रेंज आधीच मेलेली असते तिथे. त्यापेक्षा लॅन केबल ओढा आणि माळ्यावर पडलेला जुना राउटर तिच्या टोकाला लावा. लावताना त्याचं डीएचसीपी (फोनना पत्ते वाटायचं काम) बंद करा, पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरून नेट येणाऱ्या) नव्हे, लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात खोचा. हे विसरलं की घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी होतात आणि मग काही फोन चालतात, काही चालत नाहीत.

मायक्रोवेव्हबद्दल लोक गमतीने बोलतात, पण ते खरं आहे. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. दोन मिनिटांपुरतंच नेट मरत असेल आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून टिंग असा आवाज येत असेल, तर तपास संपला.

दुसरं घर: माझं

माझ्याकडे राउटरची खिडकी कायम शांत, ३ मिलिसेकंद. बाहेरची खिडकी नऊ-सव्वानऊला १२ वरून ६०० वर. मी आठ दिवस केबलवाल्याशी भांडलो. तो बिचारा दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सकाळी, आणि दोन्ही वेळा सगळं ठीक. तिसऱ्यांदा म्हणाला, 'साहेब, रात्री एकदा घरातले सगळे फोन वायफायवरून काढा आणि लॅपटॉपला थेट केबल लावून बघा.' हीच ती राहिलेली पायरी. मला राग आला, पण केलं. पिंग १२. एकेक फोन परत जोडत गेलो. आईचा फोन जोडला आणि अर्ध्या मिनिटात पिंग ६००.

आई दिवसभर नातवाचे व्हिडिओ काढते. जेवण झालं की फोन चार्जिंगला लावते, आणि चार्जिंग अधिक वायफाय असा योग आला की फोन मागच्या मागे फोटोंचा बॅकअप सुरू करतो. फुल एचडीतला एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण सव्वाशे मेगाबाइटचा, म्हणजे हजार मेगाबिट. आमच्या प्लॅनमध्ये अपलोड १० एमबीपीएस. एका मिनिटाच्या व्हिडिओला शंभर सेकंद. चाळीस व्हिडिओ असले की तासभर अपलोडचा रस्ता पूर्ण व्यापलेला.

पण अपलोड व्यापला तर डाउनलोड का अडावं? कारण खाली येणाऱ्या मालाची पोचपावती वर पाठवावी लागते. ती पोहोचेपर्यंत पलीकडचा सर्व्हर पुढचा माल सोडत नाही. आणि राउटर वर जाणारं सहसा लगेच फेकून देत नाही, मावेल तेवढं रांगेत उभं करतो. त्या रांगेत आईच्या व्हिडिओची हजारो पुडकी पुढे आणि माझी इवलीशी पोचपावती मागे. ती अर्धा सेकंद उशिरा निघते, मग टीव्हीची चकरी फिरते. राउटरच्या दारातली गर्दी म्हणतो ती हीच. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा आकडा कधी बरा, कधी वाईट दिसतो, म्हणून यावर संशयच जात नाही.

आईला फोन चार्ज करू नको म्हणणं शक्य नव्हतं. राउटरच्या सेटिंगमध्ये बँडविड्थ कंट्रोल नावाचं पान सापडलं (काहींत क्यूओएस म्हणतात). तिथे तिच्या फोनला अपलोडची ४ एमबीपीएसची मर्यादा घातली. बॅकअप आता रात्री उशिरापर्यंत चालतो, कोणाला कळतही नाही. क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवणारे कॅमेरे, लॅपटॉपवरचं ऑफिसचं फोल्डर जुळवणारं ॲप, विंडोजचं अपडेट, हे सगळे याच जातीचे. कागदावरचा तो शेवटचा रकाना यासाठीच.

तारा आणि ॲडॅप्टर

हे पटकन सांगतो. प्लॅन २०० किंवा ३०० चा आणि केबलवरची स्पीड टेस्ट कायम ९४-९५ वर अडकलेली असेल, तर जवळजवळ नक्की कुठेतरी १०० ची जोडणी झालीय. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. एक तार जरी सुटली किंवा जॅक लावणाऱ्याने वेळ वाचवायला चारच दाबल्या, तर दोन्ही टोकं मुकाट्याने १०० वर उतरतात. राउटरचं वॅन पोर्टच १०० चं असण्याचीही शक्यता आहे, स्वस्त राउटरांत ते सर्रास असतं. खिडकीच्या सरकत्या काचेखाली चेपलेली केबल, लॉक तुटून हलणारा जॅक आणि तांब्याऐवजी ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल, हे नेहमीचे संशयित.

ॲडॅप्टरचा दोष मात्र चकवतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर अपटाइम असतो, म्हणजे तो न थांबता किती वेळ चालू आहे. तुम्ही हात लावलेला नाही आणि तरी रोज रात्री अपटाइम शून्यापासून सुरू होत असेल, तर राउटर स्वतःच बंद पडून उठतोय. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं आणि म्हातारा झालेला १२ व्होल्टचा ॲडॅप्टर मान टाकतो. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त ॲम्पिअरचा नवा लावा. राउटर बदलायची गरज नाही.

डीएनएस बदलून नेट 'डबल फास्ट' करणारे व्हिडिओ पाहिले असतील. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी डिरेक्टरी. पान उघडायच्या आधी दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन सगळं येतं, असं होत असेल तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लावून जरूर बघा. मधेच अडणाऱ्या व्हिडिओशी त्याचा संबंध नाही.

तिसरं घर: गच्चीवरचा डबा

बी विंगमधल्या काकांची कंपनी वेगळी. तिथे राउटरची खिडकी शांत, बाकीचे फोन काढून थेट केबल लावली तरी बाहेरची पिंग रात्री १८० वर आणि वेग ५० चा ७ वर. म्हणजे दोष बाहेरचा. पण कंपनीच्या फोनवरचा मुलगा एकच वाक्य बोलायचा, 'सर, आमच्याकडून स्पीड बरोबर दिसतोय.' त्याचंही खोटं नव्हतं. काका त्याला रात्री दहाला फोन करायचे आणि तपासणी व्हायची दुसऱ्या दिवशी अकराला.

फायबर थेट घरात आलेलं असेल तर हिशेब असा असतो. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका तारेवर खाली येणारी क्षमता सुमारे २.५ गिगाबिट, आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली. ६४ घरांना १०० चे प्लॅन विकले तर बेरीज ६.४ गिगाबिट, म्हणजे तारेपेक्षा जास्त. तरी चालतं, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत. हे लबाडी नाही, पाण्याच्या टाकीचंही गणित असंच असतं. पण बी विंगमध्ये फायबर फक्त गच्चीपर्यंत होतं. तिथे एका लोखंडी डब्यात स्विच (एक जोडणी अनेक घरांत वाटणारी पेटी), आणि त्यातून चौदा घरांना लॅन केबल. मला त्या स्विचचाच संशय आला.

सिद्ध कसं करायचं? रात्री मोजून उपयोग नव्हता, कोण किती वापरतंय ते कळत नाही. म्हणून सकाळी साडेसहाला, बाकीची घरं झोपेत असताना, आधी काकांकडे एकट्याने केबलवर टेस्ट केली: ४८. मग चार घरांत फोनवर एकमेकांना 'एक, दोन, तीन' म्हणत एकाच क्षणी टेस्ट सुरू केली. आकडे आले ३१, २४, २०, १७. बेरीज ९२. चार घरांचे मिळून दोनशेच्या आसपास यायला हवे होते. बेरीज शंभरच्या जरा खाली अडकली याचा अर्थ गच्चीवरून वर जाणारी जोडणीच (तिला अपलिंक म्हणतात) १०० ची होती, आणि रात्री चौदा घरं तिच्यातून चहाच्या गाळणीतून जावं तशी जात होती.

टेस्ट करताना एक काळजी घ्या. ॲप आपोआप जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो बऱ्याचदा तुमच्याच कंपनीच्या ऑफिसात असतो. घर ते ऑफिस रस्ता मोकळा, पुढे कोंडी, तरी आकडा झकास येतो. दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर हाताने निवडून पुन्हा मोजा. आणि वेग दिवसरात्र सारखाच कमी असेल, तेही महिन्याच्या शेवटी, तर हे सगळं सोडून आधी कंपनीच्या ॲपमध्ये डेटाची मर्यादा संपलीय का ते बघा.

फायबरच्या डब्यावर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर मात्र काहीच तपासू नका. प्रकाशच येत नाहीये, सरळ तक्रार करा. ती पिवळी किंवा पांढरी बारीक तार कोपऱ्यात करकचून वळवलेली नाही ना एवढं पाहा, आणि तिच्या उघड्या टोकात डोळा घालू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

तक्रार लिहिताना 'नेट फार स्लो आहे' असं लिहिलं की उत्तर येतं 'राउटर रीस्टार्ट करा'. काकांनी शेवटी पाठवलेला मजकूर असा होता: 'लॅन केबलवर, इतर सर्व उपकरणं काढून, सलग तीन रात्री ९.३० वाजता वेग ७ ते ९ एमबीपीएस. राउटरपर्यंत पिंग १ मिलिसेकंद, बाहेर १८०. सकाळी ६.३० ला एकट्याने ४८, चार घरांत एकाच वेळी बेरीज ९२. गच्चीवरच्या स्विचची अपलिंक तपासावी.' सोबत दोन खिडक्यांचे फोटो. तक्रार क्रमांक मागून घ्या, कारण ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे तक्रार केंद्राने तो द्यायलाच हवा, आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे त्या क्रमांकासह जाता येतं.

अपिलाची वेळ आली नाही. चौथ्या दिवशी एक मुलगा शिडी घेऊन आला, गच्चीवर गेला, आणि वीस मिनिटांत खाली येऊन म्हणाला की स्विच गिगाबिटचाच होता, वर जाणाऱ्या केबलच्या जॅकमधल्या दोन तारा गंजून तुटल्या होत्या. पावसाळ्यात डब्यात पाणी शिरलं होतं. नवा जॅक दाबला, डब्याच्या फटी बंद केल्या. त्या रात्री साडेनऊला काकांकडे ४६.